उजेडबाण

"तिसरी चौकट," अण्णा म्हणाले. "साहेब ओट्यावर बसलाय. चष्म्याची काडी दातात धरून बोलतोय. समोर हौदाचा राखणदार उभा. राखणदार विचारतोय, औषध टाकू का साहेब? साहेबाच्या फुग्यात घाल : पंगती उठेपर्यंत थांब. पाण्याला वास येतो."

माझी पेन्सिल कागदावरच थांबली.

"काडी दातात कशाला?" मी विचारलं.

"लिवलंय तसं वाचतोय मी."

"कोणी लिहिलंय?"

"कोणीतरी," अण्णा म्हणाले आणि गालातल्या गालात हसले.

यात विनोद असा होता की लेखकाचं टोपणनावच 'कोणीतरी' होतं. 'टिवल्याबावल्या' हे आमचं मुलांचं पाक्षिक. बसस्टँडच्या मागे बाबगोंडा मगदूम म्हणजे अण्णांचा छापखाना होता, तिथून ते निघायचं. त्यातली 'काजवा' ही चित्रकथा गावातल्या पोरांना तोंडपाठ असायची. काजवा म्हणजे सार्वजनिक वाचनालयातला पेंगणारा कारकून सदू. कुणावर अन्याय झाला की सदू पुस्तकांच्या कपाटाआड जायचा, अंगावर हिरवा डगला आणि तोंडावर मुखवटा चढवायचा, आणि मग त्याच्या बोटातून निघणाऱ्या उजेडबाणापुढे भल्याभल्यांची भंबेरी उडायची. खाली छापलेलं असायचं : लेखक – कोणीतरी, चित्रं – रेवती हुपरीकर.

रेवती हुपरीकर म्हणजे मी. चित्रकलेचा डिप्लोमा करून घरी बसले होते, तेव्हा आईने अण्णांच्या बायकोकडे, पद्मावहिनींकडे शब्द टाकला आणि मला हे काम मिळालं. काम मजेचं होतं, पण पद्धत विचित्र. लेखकाचे कागद अण्णा कधीच माझ्या हाती द्यायचे नाहीत. ते मोठ्याने वाचायचे आणि मी ऐकून चौकटी काढायच्या. मी जरा डोकावले की पत्त्यांच्या डावात पानं धरतात तसे कागद छातीशी धरायचे. लेखकाची अट आहे म्हणायचे.

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याने आज दूध घट्ट दिलं तर काल पातळ होतं का, असा विचार मी आधी करते. त्यामुळे पहिल्या महिन्यातच माझं ठरलं होतं की हा 'कोणीतरी' म्हणजे अण्णाच. पण ते काही नीट बसत नव्हतं. अण्णांचे अग्रलेख मी वाचलेले होते. 'सुजाण बालवाचकहो' या संबोधनानंतर बालवाचक सुजाण असेल तर पान उलटायचा. काजव्यातले संवाद कसे चटपटीत असायचे. शिवाय आमचा एक जुना वाद होता. 'उजेडबाण' हा शब्द मला पहिल्यापासून खटकायचा. मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं की 'प्रकाशबाण' जास्त भारदस्त वाटेल. अण्णांनाही ते पटायचं. ते लेखकाला विचारून यायचे आणि मान हलवायचे. उजेडच राहू दे म्हणे. स्वतःचाच शब्द बदलायला माणूस कुणाची परवानगी कशाला मागेल?

ते असो. त्या दिवशी माझी पेन्सिल थांबली ती वेगळ्याच कारणाने. चष्म्याची काडी दातात धरून बोलणारे एक साहेब माझ्या घरात होते.

बाबा नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचे इंजिनियर. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, तिथे अजून आमचे नातेवाईक राहतात. त्या वर्षी चैत्रात गावात काविळीची साथ आली. माळावरच्या टाकीत सोडायची जंतुनाशक पावडर काही दिवस पडलीच नव्हती आणि त्याच सुमारास बाजारपेठेत गटाराचं पाणी नळात शिरलं होतं. घराघरात पिवळे डोळे दिसायला लागले. चार-पाच माणसं दगावली, त्यात तांबट आळीतली एक लहान मुलगी होती. मग बोंब झाली आणि टाकीवरचा व्हॉल्वमन ईश्वरा कोळी निलंबित झाला. ईश्वरा म्हणत होता की पावडर थांबवायला त्याला तोंडी सांगितलं होतं, कारण नगराध्यक्षांच्या मुलीचं लग्न होतं आणि पंगतीत पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून लोक नावं ठेवतील. कोणी सांगितलं होतं, तर हुपरीकर साहेबांनी. बाबा म्हणाले, मी असं काहीही सांगितलेलं नाही. जिल्ह्याहून अधिकारी चौकशीला येणार होते. तोंडी हुकुमाला साक्षीदार नव्हता, त्यामुळे ईश्वराची नोकरी जाणार हे जवळजवळ ठरल्यासारखंच होतं. गुन्हाही त्याच्यावरच दाखल होईल अशी चर्चा होती.

मी बाबांच्या बाजूने होते, हे सांगायला हवं. ईश्वराला मी लहानपणापासून ओळखत होते, चांगला माणूस होता. पण भेदरलेला माणूस काहीही बोलतो, असं मी स्वतःला समजावलं होतं.

आणि आता अण्णा मला तीच गोष्ट चौकटी पाडून वाचून दाखवत होते. उदकपूर नावाचं गाव, गोड पाण्याचा हौद, तुरुंगात पडलेला राखणदार. मी म्हटलं, हे मी काढणार नाही. अण्णा म्हणाले, न काढलंस तर मी दुसऱ्याकडून काढून घेईन, पण तुझ्या हातनं निघालं तर बरं. हे बरं कुणाच्या दृष्टीने, ते काही त्यांनी सांगितलं नाही. शेवटी मीच काढलं, पण साहेबाला टक्कल आणि झुपकेदार मिशा दिल्या. बाबांना दोन्ही नव्हतं.

मिशांचा काडीचाही उपयोग झाला नाही. अंक बाहेर पडला आणि आठवड्याच्या आत शाळेची पोरं आमच्या क्वार्टरसमोरून जाताना एकमेकांना विचारायला लागली, "साहेब, पंगत उठली का?" भाजीवालीने मला मोड देताना माझ्याकडे नको तितका वेळ पाहिलं. नाव माझं छापलेलं होतं ना. कोणीतरी मात्र कुठेतरी मजेत होता.

मग मी प्रत्येकाकडे संशयाने बघायला लागले. चष्म्याच्या काडीची गोष्ट आमच्या व्हरांड्यात बसून गेलेल्या माणसालाच माहीत असणार. ईश्वराने कुणाला तरी सांगून लिहून घेतलं असेल? बाबांच्या हाताखालच्या ओव्हरसियरला बाबांची खुर्ची हवी होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याचा मुलगा तर काजव्याचा डगला घालून फिरायचा. मी एकदा वाचनालयात जाऊन तिथल्या खऱ्या कारकुनाचंही बारकाईने निरीक्षण करून आले. त्याला वाटलं मी त्याच्यावर भाळले. पुढे बरेच दिवस तो माझ्यासाठी नवीन मासिकं बाजूला काढून ठेवत होता.

अंक बाबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. नगराध्यक्षांनीच तो त्यांच्या टेबलावर आपटला होता. बाबा संध्याकाळी घरी आले, बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि अंक माझ्यापुढे धरला. आई ताटात तांदूळ निवडत बसली होती.

"हे तू काढलंस," बाबा म्हणाले.

मी हो म्हटलं.

"आणि लिहिलं कोणी?"

मला माहीत नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसेना. तूच लिहिलंस का, असंही त्यांनी विचारलं. मग त्यांचा आवाज चढला. म्हणाले, हा काजवा कुणाच्याही घरात शिरतो, कुणालाही गुन्हेगार ठरवतो, बाण मारतो आणि पसार होतो. त्याला कोणी विचारायचं नाही की बाबा रे, तू कोण, तुला कुणी नेमलं? मी सरकारी माणूस आहे, माझ्यावर चौकशी बसते, मला उत्तरं द्यावी लागतात. तोंडावर फडकं बांधून कोणीही शूर होतो.

बोलणं मला पटलं, हे मी नाकारणार नाही. मला स्वतःलाही त्या कोणीतरीचा राग आला होता. पण संशयाची सवय वाईट. माझ्या तोंडून निघून गेलं, "पण तुम्ही तसं म्हणाला होतात का, बाबा?"

बाबांनी चष्मा काढला. काडी दातांपर्यंत गेली आणि त्यांनी ती झटकन खाली घेतली.

"उद्यापासून त्या छापखान्यात जायचं नाही," एवढंच ते म्हणाले आणि आत गेले. आई तांदूळ निवडतच राहिली. खडा सापडला की ती तो ताटाच्या काठावर ठेवायची, तसा तिने ठेवला.

बाबांनी चौकशी अधिकाऱ्यांकडे तक्रार केली की पाक्षिकातून अफवा पसरवून चौकशीवर दबाव आणला जातो आहे. अधिकाऱ्यांनी अण्णांना निरोप पाठवला : मजकुरात तथ्य असेल तर लेखकाने समोर येऊन साक्ष द्यावी, नसेल तर खुलासा छापावा. नगराध्यक्षांच्या माणसांनीही निरोप दिला, तो तोंडी होता. नगरपालिकेच्या पावत्या, नोटिसा, सगळी छपाई अण्णांकडे असायची. ती बंद होईल आणि छापखान्याच्या जागेचा करारही पुन्हा तपासला जाईल, असं त्यांनी कळवलं. मी बाबांचं न ऐकता अण्णांना भेटायला गेले. अण्णा खिळ्यांच्या जुन्या पेटीवर बसून तंबाखू मळत होते.

मी त्यांना सरळ म्हटलं, अण्णा, नाव सांगा. तुमचा छापखाना जाईल, ईश्वराची नोकरी जाईल आणि आमच्या घरात कोणी कुणाशी बोलत नाही.

"न्हाई सांगणार," अण्णा म्हणाले. "शब्द दिलाय. वेळ आली तर म्हणीन मीच लिवलं."

"तुमच्यावर कोण विश्वास ठेवेल? तुमचे अग्रलेख लोकांनी वाचलेत."

यावर अण्णा रागावतील असं वाटलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "पोरी, तू घरला जा. आईसंगं जरा बस. दमली असंल ती."

अण्णा असं कधी बोलायचे नाहीत. कुणाच्या आईची विचारपूस हा त्यांचा प्रांतच नव्हता. ते वाक्य माझ्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं, पण त्याचा अर्थ लागेना.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी भर दुपारी ईश्वराची बायको रुक्मा आमच्या मागच्या दाराशी आली. बाबा ऑफिसात होते, म्हणूनच ती आली असणार. तिच्या धाकट्या मुलीला कावीळ झाली होती. दवाखान्यातून औषधाची बाटली दिली होती, पण काय सांगितलं ते गर्दीत तिला नीट ऐकू आलं नव्हतं आणि वाचता येत नव्हतं. ईश्वराला वाचता यायचं, पण तो वकिलाकडे गेला होता. नवऱ्याच्या नोकरीवर उठलेल्या साहेबाच्या घरी ती औषध वाचून घ्यायला आली याचं मला नवल वाटलं. आईला वाटलेलं दिसलं नाही. तिने रुक्माला पाटावर बसवलं, चष्मा लावला आणि बाटलीवरची चिठ्ठी वाचायला लागली.

"दिवसातून दोनदा, जेवणानंतर. आधी बाटली हलवायची बरं का. आणि थंड जागी ठेव, उन्हापासून, उजेडापासून लांब."

रुक्माने मान डोलावली. बाटलीचं झाकण सैल होतं म्हणून ते घट्ट करायला मी ती हातात घेतली आणि सहज नजर गेली. छापलं होतं : सूर्यप्रकाशापासून दूर ठेवावे.

माझ्या बाबांचं नाव प्रकाश आहे.

आमच्या आईच्या वयाच्या बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही, पण आताच्या मुलींना लागेल. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात नाव विचारलं की आई माझ्याकडे बघायची आणि मी सांगायची. मामाच्या मुलाचं नावही प्रकाश, तर आईच्या लेखी तो जन्मभर 'ह्यांच्या नावाचा'. दिवाळीला सगळे प्रकाशाचा सण म्हणायचे, ती दिव्यांचा म्हणायची. मी हे इतकी वर्षं ऐकत आले होते की ऐकणंच बंद झालं होतं. वाचतानाही तिची जीभ अडखळली नाही. छापलेला शब्द तिने डोळ्यांतच बदलला आणि मग तोंडातून काढला.

जीभ पाळते तसं लेखणीही पाळत असणार.

रुक्मा जाईपर्यंत मी कशीबशी गप्प बसले. ती फाटकाबाहेर पडल्यावर दार लावलं.

"काजवा तू लिहितेस," मी म्हणाले.

आई गॅसची शेगडी पुसत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. "कशावरून?"

"बाटलीवरून. बाटलीवर उजेड नव्हता."

तिला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा ती चक्क हसली, शाळेत बाकाखाली चिंचा खाताना पकडली गेल्यासारखी. मग रुक्मा बसली होती त्याच पाटावर टेकली. मला इतका राग आला होता की मी उभीच राहिले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लिहिण्याचा नाद तिला लग्नाआधीपासून होता. एकदा बाबांना दाखवलं तेव्हा ते कागद काळे करणं म्हणाले होते, हसत हसतच. वाईट हेतू नव्हता त्यांचा, असं आईच म्हणाली. पुढे पद्मावहिनींच्या हाती तिने काजव्याची पहिली गोष्ट दिली आणि चित्रांसाठी मला पुढे केलं. आपण दोघी मिळून काहीतरी करतोय, असं तिला वाटायचं. माझी चित्रं आली की ती दुपारी दार लावून बघत बसायची. हे ऐकताना माझा राग निम्मा व्हायला हवा होता. तो झाला नाही.

नगराध्यक्षांच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ईश्वरा आमच्या व्हरांड्यात आला होता. आई चहाचे कप घेऊन दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. साथ आली तेव्हा तिने बाबांना आठवण करून दिली. तुला हल्ली ऐकायला कमी येतं, असं बाबा तिला म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू जाऊन त्यांना विचारलं असतंस. आणि ते खोटं बोलले असते." तिने पदराने चष्मा पुसला. "तुझ्या तोंडावर ते खोटं बोललेले मला बघवलं नसतं."

मी म्हटलं, ते बोलले नाहीत, गप्प राहिले. आई म्हणाली, तेही मी बघितलं.

मग मी तिला जे बोलले ते बाबांचंच बोलणं होतं. म्हटलं, तू मुखवटा घातलास आणि नाव माझं छापून आलं. पोरं माझ्याकडे बघून हसतात. अण्णा तुझ्यासाठी छापखाना घालवायला निघालेत. राखणदाराला तू कथेत सोडवशील गं, पुढच्या अंकात. खरा ईश्वरा तर तसाच राहणार. "चौकशीत साक्षीला काजवा येणार आहे का?"

आई म्हणाली, "काजव्याचं बरं असतं. काम झालं की उडून जातो. घरी येऊन कुणाच्या पानात भाजी वाढायची नसते त्याला."

मी आत निघून गेले.

चौकशीच्या दिवसापर्यंत तिने तो विषय काढला नाही आणि मीही नाही. आता मला तिचाही संशय यायला लागला होता. ती जाणार की नाही, तिच्या वागण्यावरून कळत नव्हतं. बाबांच्या शर्टाला तिने नेहमीसारखी इस्त्री केली. त्या दिवशी सकाळी त्यांच्या डब्यात त्यांच्या आवडीची भरली वांगी दिली. बाबा व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली की दही घेऊन जा, काम चांगलं होतं. बाबांनी परत येऊन तळहातावर दही घेतलं आणि खाल्लं. ते बघून माझी खात्री पटली की ही कुठे जात नाही. मी एकटीच निघाले.

चौकशी शाळेच्या सभागृहात होती. गाव लोटलं होतं. पुढे टेबलामागे जिल्ह्याहून आलेले अधिकारी, शेजारी लिहून घ्यायला नगरपालिकेचे जोशी भाऊसाहेब, समोर पहिल्या रांगेत बाबा आणि नगराध्यक्षांची माणसं. बायका एका बाजूला. तांबट आळीतली, जिची मुलगी गेली ती बाई सगळ्यांत पुढे बसली होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

ईश्वराने आपलं म्हणणं सांगितलं. साहेबांनी सांगितलं म्हणून थांबलो, असंच तो परत परत म्हणत होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, त्या वेळी तिथे आणखी कोण होतं? कोणी नाही, ईश्वरा म्हणाला. मग बाबांना विचारलं. बाबा उभे राहून शांतपणे म्हणाले की असा कोणताही आदेश मी दिलेला नाही. त्यांचा आवाज इतका सरळ होता की मला सगळं ठाऊक असूनसुद्धा क्षणभर पटला.

मग अण्णांना बोलावलं. अण्णा म्हणाले, लेखक मीच. अधिकाऱ्यांनी विचारलं की मग हे ओट्यावरचं बोलणं तुम्हाला कुठून कळलं. अण्णांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, कल्पनेनं. सभागृहात हशा पिकला. अधिकाऱ्यांनी सांगितलं की कल्पना म्हणून नोंद घ्या, आणि ते समोरचे कागद गोळा करायला लागले. बाबांचे खांदे सैल झालेले मला मागून दिसले. ईश्वरा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

बायकांच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"तो मजकूर मी लिहिते," आई म्हणाली.

ती कधी आली होती देव जाणे. घरातल्याच साडीवर होती. बाबांनी मान वळवली नाही, पण त्यांनी आवाज ओळखला हे मला दिसलं. अधिकाऱ्यांनी तिला पुढे बोलावलं. नाव विचारलं. शालिनी हुपरीकर, तिने सांगितलं. ते म्हणाले, पूर्ण नाव सांगा. आई थांबली. भाऊसाहेब गावचेच, ते खालमानेने म्हणाले, "माहीत आहे साहेब, मी घालतो," आणि मधलं नाव त्यांनी स्वतःच लिहिलं.

मग तिने सांगितलं. कोणत्या दिवशी, ईश्वरा कुठे उभा होता, ती दाराआड का थांबली, काय शब्द ऐकले. काजव्यातल्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं.

"हे सांगितलं कोणी?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आमच्या ह्यांनी."

"ह्यांनी असं लिहिता येत नाही, बाई."

"रेवतीच्या वडिलांनी."

"मी इथला नाही. रेवती कोण, मला माहीत नाही. जबानी तुमची आहे, ती तुमच्या तोंडून यायला हवी." अधिकारी वैतागले नव्हते, समजावून सांगत होते. "नाव घ्या."

हे दोन शब्द त्यांनी बोलायला नको होते. मागून कुणी तरी खुदकन हसलं. एक बाई म्हणाली, "घ्या की वहिनी, नाव घ्या," लग्नात नव्या नवरीला म्हणतात त्याच सुरात, आणि सगळा बायकांचा घोळका हसला. पुढे बसलेली तांबट आळीतली बाई हसली नाही. भाऊसाहेबांनी कोरा कागद आणि पेन आईपुढे सरकवलं, लिहून द्या म्हणाले, बोलायला नको. नगराध्यक्षांचा माणूस म्हणाला, अहो, त्यांना त्रास कशाला देता, त्यांना घरी जाऊ द्या. मी उठून उभी राहिले होते. इतकी वर्षं तिच्या वतीने मीच नाव सांगत आले होते, तेव्हाही ते माझ्या ओठांवर आलं. आईने माझ्याकडे बघितलंच नाही.

तिने कागद परत भाऊसाहेबांकडे सरकवला. मग बाबांच्या दिशेने वळली आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणाली, "प्रकाश दिनकर हुपरीकर."

"ओ," बाबा म्हणाले.

शाळेत हजेरीला देतात तशी, घरात कुणी हाक मारली की देतात तशी ती ओ त्यांच्या तोंडून निघून गेली. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघायला लागलं. आपण काय बोललो ते त्यांच्याही ध्यानात आलं. ते म्हणू शकले असते की नुसती सवय, आणि ते खरंही असतं. आमच्या नातेवाइकांत आजही कुणी कुणी तसंच म्हणतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, ते आता काय म्हणतात याची वाट बघत होते.

ते आईकडे बघत राहिले. मग चष्मा काढून खिशात ठेवला, उठले, आणि ईश्वरा उभा होता त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.